चंद्राच्या आकाशातली पृथ्वी: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात चंद्राच्या खड्ड्यांवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की चंद्रावर उभं राहिलं तर पृथ्वी आकाशात एकाच जागी लटकलेली दिसते. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: पृथ्वी एकाच जागी दिसते म्हणजे काय? ती उगवत नाही, मावळत नाही? मग चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी उगवतानाचा तो प्रसिद्ध फोटो आहे तो कसा काय?

सर्वात जास्त पत्रं याचीच होती, आणि शंका अगदी रास्त आहे.

आधी जागेचं बघू. चंद्र स्वतःभोवती एक फेरी घेतो तेवढ्याच वेळात तो पृथ्वीभोवतीही एक फेरी मारतो, म्हणून आपल्याला त्याची कायम एकच बाजू दिसते, हे शाळेत शिकलोय आपण. आता हेच तिकडून बघा. चंद्राची जी बाजू आपल्याकडे तोंड करून आहे तिथे कुठेही उभे राहा, पृथ्वी कायम समोर असणार, म्हणजे डोक्यावर असेल तर डोक्यावरच, क्षितिजाजवळ असेल तर क्षितिजाजवळच, आज, उद्या, दहा वर्षांनी, त्याच दिशेला. सूर्य आपला साडेएकोणतीस दिवसात हळूहळू आकाशात चक्कर मारतो, त्याच्या मागे तारे सरकतात, आणि या सगळ्या हलत्या पसाऱ्यात पृथ्वी मात्र तिथल्या तिथे. मला विचाराल तर चंद्रावरच्या आकाशाची सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच.

कुठे दिसेल ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूच्या अगदी मध्यावर उभे असाल तर पृथ्वी बरोब्बर डोक्यावर, मान मोडेपर्यंत वर बघायचं. अपोलो ११ उतरलं ती जागा मध्यापासून फार लांब नाही, त्यामुळे तिथे पृथ्वी बरीच उंच होती. चंद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ते जवळपास ६९ अंश दक्षिणेला, तिथून पृथ्वी उत्तर दिशेला, क्षितिजापासून सतराएक अंश वर अशी खाली झुकलेली. आणि तिथून ती आपल्या नकाशाच्या हिशोबाने उलटी दिसणार बरं का, दक्षिण ध्रुव वर आणि उत्तर ध्रुव खाली. आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूला गेलात तर पृथ्वी कधीच दिसणार नाही, जन्मभर थांबलात तरी. म्हणूनच चीनचं छांग-अ ४ यान ३ जानेवारी २०१९ ला त्या पलीकडच्या बाजूला उतरलं तेव्हा त्याच्याशी थेट बोलायची सोयच नव्हती, त्यासाठी आधीच चंद्राच्या पलीकडे एक वेगळा उपग्रह नेऊन ठेवला होता, तो दोघांमध्ये निरोप्याचं काम करायचा.

आता "एकाच जागी" म्हटलं त्यात थोडी दुरुस्ती. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि त्याचा अक्षही जरा कललेला आहे, त्यामुळे चंद्र आपल्या दृष्टीने महिनाभरात किंचित डुलतो, आणि तिकडून बघणाऱ्याला पृथ्वी डावी-उजवीकडे साधारण आठ आठ अंश आणि वर-खाली साडेसहा-सात अंश अशी सरकताना दिसते. म्हणजे खिळ्याला टांगलेलं चित्र नाही, दोरीला बांधलेली होडी जशी जागच्या जागी हलते तसं. मध्यावर उभ्या माणसाला हे सहजी जाणवणार पण नाही. पण चंद्राच्या कडेला, किंवा ध्रुवाजवळ, जिथे पृथ्वी आधीच क्षितिजाला टेकलेली आहे, तिथे या डुलण्यामुळे ती खरंच उगवते आणि मावळते! पण किती सावकाश, तर ध्रुवावर साधारण दोन आठवडे वर आणि दोन आठवडे क्षितिजाखाली. दक्षिण ध्रुवाजवळ तळ बांधायचं म्हणतायत त्यांना हा हिशोब ठेवावाच लागतो, कारण पृथ्वी क्षितिजाखाली असेल तेव्हा तिच्याशी थेट रेडिओ संपर्क होत नाही.

मग तो फोटो? तो २४ डिसेंबर १९६८ चा, अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी काढलेला. अपोलो ८ चंद्रावर उतरलंच नव्हतं, ते दोन तासात एक या वेगाने चंद्राभोवती घिरट्या घालत होतं. चंद्राच्या मागून पुढे आलं की त्यांना पृथ्वी क्षितिजामागून वर येताना दिसायची. म्हणजे उगवणं खरं, पण ते यानाच्या पळण्यामुळे. खाली जमिनीवर उभ्या माणसाला ते तसं दिसलं नसतं.

प्रश्न: चंद्रावरून पृथ्वी किती मोठी दिसते? काही चित्रांमध्ये तर अर्धं आकाश भरलेलं दाखवतात.

अर्धं आकाश अजिबात नाही. पृथ्वीचा व्यास चंद्राच्या पावणेचार पटीला थोडा कमी, आणि अंतर दोन्हीकडून तेवढंच, त्यामुळे आपल्याला चंद्र जेवढा दिसतो त्याच्या पावणेचार पट रुंद पृथ्वी तिकडून दिसते. अंशात सांगायचं तर चंद्र अर्धा अंश, पृथ्वी जवळजवळ दोन अंश. हात पूर्ण लांब करून अंगठा धरा, त्याची रुंदी साधारण तेवढीच भरते. अपोलो ८ मधलेच जिम लव्हेल सांगायचे की अंगठा समोर धरला की अख्खी पृथ्वी त्यामागे झाकली जायची. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून गच्चीत गेले आणि चंद्रावर अंगठा धरून बघितला, चंद्र तर अंगठ्याच्या पाव भागातच मावला, आणि मग उरलेल्या रुंदीवरून पृथ्वीचा अंदाज आला. तुम्हीही करून बघा, आकडे वाचून जे कळत नाही ते यात कळतं.

प्रश्न: आपल्याकडे पौर्णिमेला चांदणं पडतं तसं तिकडे पृथ्वीचं पडतं का? किती उजेड असतो?

पडतं, आणि भरपूर पडतं. रुंदी पावणेचार पट म्हणजे क्षेत्रफळ साडेतेरा पट झालं. शिवाय चंद्र दिसतो पांढराशुभ्र पण तो खरा काळपट आहे, जुन्या डांबरी रस्त्यासारखा, पडलेल्या प्रकाशातला साधारण १२ टक्केच परत पाठवतो, काळ्या आकाशात एकटा आहे म्हणून पांढरा वाटतो इतकंच. पृथ्वी सरासरी ३० टक्के परत पाठवते. दोन्ही गोष्टींचा गुणाकार केला की पूर्ण गोल पृथ्वी आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या ढोबळमानाने चौतीस पट उजेड देते असं निघतं. म्हणजे चंद्रावरची रात्र असली तरी पृथ्वी वर असेल तर बॅटरी न लावता चालता येईल, छापील अक्षरं वाचता येतील, तुमची सावली पायाशी स्पष्ट पडेल.

एका वाचकांनी विचारलंय की पृथ्वीवर तर समुद्रच जास्त, मग पाणी आरशासारखं चमकत असेल म्हणून उजेड जास्त का? उलट आहे. समुद्र वरून खूप गडद दिसतो, प्रकाश बराचसा गिळून टाकतो. सूर्य ज्या कोनातून थेट परावर्तित होतो तिथे पाण्यावर एक झगझगीत ठिपका दिसतो तेवढाच. पृथ्वी चमकते ती मुख्यतः ढगांमुळे. कुठल्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो, त्यात ध्रुवांकडचा बर्फ आणि वाळवंटं यांची भर.

प्रश्न: ताई, मी सातवीत आहे. चंद्रावरून पृथ्वीच्या पण कला दिसतात का? आणि पृथ्वीची अमावस्या असते का?

असते, आणि गंमत म्हणजे सगळं आपल्या बरोबर उलटं. आपल्याकडे अमावस्या असते तेव्हा चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये असतो, मग चंद्रावरून बघणाऱ्याच्या पाठीमागे सूर्य आणि समोर पूर्ण उजळलेली पृथ्वी, म्हणजे तिकडे पृथ्वीची पौर्णिमा. आपल्याकडे पौर्णिमा की तिकडे पृथ्वी काळी. आपला चंद्र कोरीएवढा तर त्यांची पृथ्वी जवळजवळ पूर्ण, फक्त एका कडेला कोरीएवढा तुकडा कमी. दोन्ही आकार एकत्र ठेवले तर नेहमी एक पूर्ण गोल होतो. एक टॉर्च, एक मोठा चेंडू आणि एक लहान चेंडू घेऊन अंधाऱ्या खोलीत करून बघ, पाच मिनिटात कळेल.

आणि अजून एक, जे आपल्या चंद्रात कधीच दिसत नाही. चंद्राचा चेहरा कायम तोच, पण पृथ्वी तिकडून फिरताना दिसते. सकाळी आफ्रिका समोर असेल तर काही तासांनी अटलांटिक, मग दोन्ही अमेरिका, मग तो अख्खा निळा पॅसिफिक, आणि साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांनी परत तोच चेहरा. म्हणजे चंद्रावर राहणाऱ्याला घड्याळ आकाशातच टांगलेलं आहे, आणि कलांमुळे कॅलेंडर पण.

प्रश्न: पृथ्वी खरंच फोटोतल्यासारखी निळी दिसते का की रंग वाढवलेले असतात? चीनची भिंत दिसते हे खरं का?

निळी खरंच दिसते. हवेचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, ज्या कारणाने आपल्याला आकाश निळं दिसतं तेच, फक्त हे बाहेरून बघितलेलं. त्यात खाली गडद समुद्र, तोही लाल प्रकाश जास्त शोषून घेतो. वर ढगांचे पांढरे पट्टे आणि भोवरे. वाळवंटं तपकिरी-पिवळसर ओळखू येतात, जंगलं मात्र आपण समजतो तशी हिरवीगार दिसत नाहीत, मधल्या हवेच्या निळसर पडद्यामुळे काळपट वाटतात. पूर्ण गोल पृथ्वीचा जो सगळ्यात जास्त छापला गेलेला फोटो आहे तो ७ डिसेंबर १९७२ चा, अपोलो १७ मधला, पण तो चंद्रावरून नाही तर चंद्राकडे निघाल्यावर काही तासातच वाटेत काढलेला आहे, म्हणून त्यात एवढे बारकावे.

भिंत दिसत नाही. साधा हिशोब आहे, निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचं वेगळं करून दिसतं, आणि चंद्राच्या अंतरावरून ते जवळजवळ ११० किलोमीटर होतात. त्याहून लहान वस्तूचा आकार डोळ्याला कळणार नाही, आणि भिंत तर काही मीटर रुंद. खंड, मोठे समुद्र, वादळांचे भोवरे, हे दिसतं. चंद्राचा व्यास ३४७४ किलोमीटर आहे आणि ऑस्ट्रेलिया पूर्व-पश्चिम सुमारे चार हजार, तेव्हा आपल्याला चंद्र जेवढा दिसतो त्याहून जरासा मोठा नुसता ऑस्ट्रेलियाच दिसेल.

प्रश्न: चंद्रावरच्या फोटोत तारे का नसतात?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमुळे. उन्हातली जमीन आणि पांढरे सूट इतके लख्ख असतात की फोटो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात घ्यावा लागतो, तेवढ्यात ताऱ्यांचा प्रकाश उमटतच नाही. रात्री दिव्याखाली उभ्या माणसाचा फोटो काढा, मागचे तारे असेच गायब होतात.

प्रश्न: आपल्याकडे चंद्रग्रहण असतं तेव्हा चंद्रावर उभ्या माणसाला काय दिसेल?

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर कितीही वेळा सांगितलं तरी माझं मन भरत नाही.

चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडली. तिकडून बघितलं तर पृथ्वीने सूर्य झाकला, म्हणजे ते त्यांचं सूर्यग्रहण. पण आपल्या सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला जेमतेम झाकतो, फार तर साडेसात मिनिटं. तिकडे पृथ्वी सूर्यापेक्षा साडेतीन पट रुंद दिसते, त्यामुळे सूर्य तिच्यामागे गेला की एका जागेवरून अडीच तासांहूनही जास्त वेळ गायब राहू शकतो. आणि त्या वेळी पृथ्वी नुसती काळी तबकडी नसते, तिच्या कडेने सगळीकडून एक बारीक लालसर-नारिंगी कडं पेटलेलं दिसतं. ते कडं म्हणजे पृथ्वीचं वातावरण. सूर्याचा प्रकाश त्यातून वाकून पलीकडे येतो, निळा वाटेतच विखुरतो आणि लाल तेवढा पोचतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्योदय होतोय आणि जिथे जिथे सूर्यास्त होतोय त्या सगळ्या जागा त्या कड्यावर असतात, म्हणजे जगातली सगळी संध्याकाळ आणि सगळी पहाट एकाच वेळी एका वर्तुळात. ग्रहणात चंद्र तांबूस दिसतो तो याच कड्याच्या उजेडात.

हे कल्पनेने सांगत नाहीये. सर्व्हेयर ३ या यानाने चंद्रावर उतरल्यानंतर काही दिवसांनीच, २४ एप्रिल १९६७ ला, पृथ्वीने सूर्य झाकल्याचे फोटो पाठवले होते. अगदी अलीकडे १४ मार्च २०२५ ला ब्लू घोस्ट हे यान चंद्रावर होतं आणि त्यानेही ते ग्रहण टिपलं.

उलट बाजूने, आपल्याकडे खग्रास सूर्यग्रहण असतं तेव्हा तिकडून काय? पूर्ण उजळलेल्या पृथ्वीवरून एक छोटा काळपट डाग सरकत जातो. एवढंच. आपण खाली त्या डागात उभं राहून दिवसाची रात्र झाली म्हणून थक्क होत असतो.

प्रश्न: तृतीयेच्या वगैरे बारीक कोरीत चंद्राचा उरलेला गोल पण अंधुक दिसतो. तिथे ऊन नाही तर तो दिसतो कसा? लहानपणापासून बघतोय पण कोणी सांगितलं नाही.

तुम्ही बघत होतात तोच पृथ्वीचा उजेड! वर जे सगळं लिहिलं, चंद्रावरच्या रात्री पृथ्वी चमकते वगैरे, त्याचा पुरावा तुम्ही लहानपणापासून डोळ्यांनी बघताय. कोर सूर्याने उजळलेली, आणि बाकीचा राखाडी-निळसर गोल पृथ्वीने उजळलेला. त्या भागात रात्र आहे आणि तिथल्या आकाशात जवळजवळ पूर्ण पृथ्वी आहे.

याचा प्रवास बघा. सूर्यापासून प्रकाश निघाला, आठ मिनिटांहून थोड्या जास्त वेळात पृथ्वीवरच्या कुठल्यातरी ढगावर आपटला, तिथून सव्वा सेकंदात चंद्रावर, आणि परत सव्वा सेकंदात तुमच्या डोळ्यात. म्हणजे तो जो अंधुक गोल दिसतो तो प्रकाश अडीच सेकंदांपूर्वी आपल्याच पृथ्वीवर होता. आणि कुठल्या भागातला, तर संध्याकाळी कोर बघत असाल तर तुमच्या पश्चिमेला जिथे अजून दिवस आहे तिथला, आणि पहाटेची कोर असेल तर पूर्वेला जिथे उजाडलंय तिथला. तिकडे ढग जास्त असतील तर गोल उजळ, मोकळा समुद्र असेल तर जरा मंद.

हे कोडं लोकांना फार वर्षं पडलेलं होतं. कोणी म्हणायचं चंद्र स्वतःच थोडा चमकतो, कोणी म्हणायचं सूर्यप्रकाश आरपार येतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या वहीत बरोबर उत्तर लिहून ठेवलं की हा पृथ्वीवरून गेलेला प्रकाश आहे. त्यांना वाटलं होतं की पृथ्वीचे समुद्र चमकतात, आणि चंद्रावरही पाणी आहे, ते दोन्ही चुकलं, पण मूळ मुद्दा पक्का. पुढे गॅलिलिओ यांनी १६१० च्या पुस्तकात तेच सविस्तर मांडलं.

कोर मोठी होत गेली की हा गोल दिसेनासा होतो, अष्टमीपर्यंत तर जवळजवळ संपतो. एक तर तिकडची पृथ्वी अर्धी झालेली असते आणि दुसरं म्हणजे उजळ भागाने आपले डोळे दिपतात.

प्रश्न: हा उजेड मोजून शास्त्रज्ञांना मिळतं काय?

बरंच. पृथ्वी सूर्याचा किती प्रकाश परत पाठवते यावर ती किती तापणार हे ठरतं, आणि चंद्राचा अंधुक भाग म्हणजे पृथ्वीच्या चमकेचं फुकटचं मीटर आहे. फ्रान्सचे आंद्रे दांजाँ यांनी १९२० च्या दशकातच हे मोजायला सुरुवात केली. नंतर कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर सौर वेधशाळेत १९९८ ते २०१७ अशी जवळपास वीस वर्षं मोजमापं झाली आणि २०२१ साली निष्कर्ष आले की पृथ्वी थोडी मंद झालीय, दर चौरस मीटरमागे सुमारे अर्धा वॅट प्रकाश कमी परत जातोय. तेवढी ऊर्जा जास्तीची इथेच राहते. मला हा आकडा अस्वस्थ करतो, ऐकायला छोटा आहे पण अख्ख्या पृथ्वीचा आहे.

दुसरा उपयोग परग्रहांसाठी. लांबच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह आपल्याला एक ठिपका म्हणूनच दिसणार, त्या ठिपक्यात जीवसृष्टी ओळखायची कशी? तर आधी आपल्याच पृथ्वीचा प्रकाश ठिपक्यासारखा एकत्र मिसळलेला कसा दिसतो ते चंद्रावरून परत आलेल्या उजेडात तपासतात. त्यात ऑक्सिजन, पाण्याची वाफ आणि झाडांच्या हिरव्या पानांची खूण सापडते.

प्रश्न: आम्हाला हे नीट बघायचंय, फोटो पण काढायचाय. कधी आणि कसा?

अमावस्येनंतरची दुसरी ते चौथी संध्याकाळ, किंवा अमावस्येआधीच्या तेवढ्याच पहाटा. सूर्य मावळल्यावर साधारण पाऊण तासाने, आकाश बऱ्यापैकी काळवंडलं की पश्चिमेला बघा. लगेच बघाल तर आकाश उजळ असतं, फार थांबलात तर चंद्र क्षितिजावरच्या धुळीत जातो. दुर्बीण असेल, साधी सात बाय पन्नासची चालेल, तर चंद्राच्या त्या अंधाऱ्या भागात सपाट काळे प्रदेश पण ओळखू येतात, पृथ्वीच्या उजेडात दिसणारे. उजळ कोर एखाद्या भिंतीच्या किंवा खांबाच्या कडेमागे लपवली तर अजून छान दिसतं.

फोटोसाठी ट्रायपॉड हवाच. आयएसओ ४०० ते ८००, लेन्स शक्य तेवढी उघडी, आणि एक ते दोन सेकंद एक्स्पोजर. कोर पूर्ण पांढरी जळालेली येणार, ती तशीच येते, कारण अंधुक भाग तिच्या हजारो पट मंद आहे, दोन्ही एका फोटोत बसत नाहीत. मोठी झूम लेन्स असेल तर दोन सेकंदाच्या वर जाऊ नका, पृथ्वी फिरत असते आणि चंद्र पुसट येतो. फोनने काढत असाल तर दुर्बिणीच्या भिंगाला फोन टेकवून, नाइट मोड लावून आणि बटणाला हात न लावता टायमरवर काढा. फोटो चांगले आले तर पाठवा, सोबत तारीख, वेळ आणि तुम्ही कुठून काढला ते लिहा, म्हणजे त्या वेळी पृथ्वीचा कुठला भाग चंद्राला उजेड देत होता ते मी काढून पुढच्या अंकात प्रत्येक फोटोखाली देईन.